थायरॉईडच्या गोळीसोबत प्रोप्रॅनोलॉल चालते का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, मला ६ वर्षांपासून हायपोथायरॉईड आहे (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते), थायरॉक्सिन ७५ ची रोज सकाळी रिकाम्या पोटी घेते. आता अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल ४० दिलीये, १२ दिवस झाले. डोकं बरंच शांत आहे पण जिना चढताना पाय जड होतात, हात गार पडतात, आणि कुठेतरी वाचलं की ही गोळी टी४ चा टी३ होऊ देत नाही, मग माझी सकाळची गोळी वाया चाललीये का? डोस वाढवायचा का? खूप टेन्शन आलंय.

औषधशाळा:
मी फार्माकॉलॉजी शिकवते. वाचलंस ते खरंय पण अर्धवट. तुझी थायरॉक्सिनची गोळी म्हणजे टी४ हे थायरॉईडचं हार्मोन, त्यातला आयोडीनचा एक अणू निघाला की टी३ होतो आणि खरं काम तोच करतो. लिव्हर, किडनीत हे डीआयोडिनेज नावाचं एन्झाइम करतं, प्रोप्रॅनोलॉल त्याला थोडं अडवतं, म्हणून टी३ जरा उतरतो, रिव्हर्स टी३ (त्याचं निकामी रूप) चढतो. पण हे जाणवतं मोठ्या डोसला, दिवसाला १६० मिलिग्रॅमच्या वर, आणि तेव्हाही टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) सहसा नॉर्मलच असतो. तुझी ४० आहे गं! गार हात आणि थकवा हे बीटा ब्लॉकरचे, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलच्या गटातल्या औषधांचे, नेहमीचे त्रास आहेत, डॉक्टरांना सांग, हवं तर टीएसएच करून घे. स्वतःहून डोस वाढवू नकोस आणि प्रोप्रॅनोलॉल एकदम बंदही करू नकोस.

सह्यवाट:
आमच्याकडे उलटं होतं, आईला ग्रेव्हज, म्हणजे थायरॉईड ग्रंथी जास्तच काम करते. हात इतके थरथरायचे की कपातला चहा बशीत सांडायचा. ग्रंथीला आवरणाऱ्या कार्बिमाझोल गोळीला गुण यायला काही आठवडे लागतात कारण ग्रंथीत आधीचा साठा असतो, तोवर प्रोप्रॅनोलॉलनेच तारलं. चार दिवसांत धडधड थांबली तर आई म्हणाली आता बरी झाले, गोळ्या बंद. रिपोर्ट काढला तर टी४ तेवढाच वाढलेला! प्रोप्रॅनोलॉल ग्रंथीला आवरत नाही, नुसती धडधड झाकते, हे तिला समजवताना नाकी नऊ आले.

निशिगंध:
खूप धन्यवाद दोघांना, जीव भांड्यात पडला. अजून एक, मला लहानपणी दमा होता, त्याने काही फरक पडतो का?

औषधशाळा:
पडतो, मोठा फरक पडतो. प्रोप्रॅनोलॉल श्वासनळ्याही आवळू शकते. डॉक्टरांना सांगितलं नसशील तर आत्ता फोन कर, पुढची गोळी त्यांना विचारूनच घे, आणि छातीत घरघर किंवा दम लागला तर फोनची वाट बघू नकोस, सरळ दवाखाना गाठ.