स्वतःहून पंजा पुढे करणाऱ्या अस्वलाचं रक्त घ्यायला सरकारी परवाना कशाला?

श्रावणी_परळ

नमस्कार. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पदवी घेतली आणि गेल्या ऑगस्टात पीएचडीसाठी अमेरिकेत आले. विषय मोठ्या मांसाहारी प्राण्यांच्या पोषणाचा. इथल्या एका प्राणीसंग्रहालयात दोन ध्रुवीय अस्वलं आहेत. लांबलेल्या उपासात त्यांच्या रक्तातली चरबी कशी बदलते, ते मला बघायचं आहे.

त्यातली मादी इतकी शिकलेली आहे की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिले. कीपरनं हाक मारली की जाळीला जोडलेल्या चौकोनी खोक्यात ती पंजा ठेवते. दुसरा कीपर तोंडाशी मासे धरतो, आणि डॉक्टर पंजावरचे केस बाजूला करून नस शोधतात. भूल नाही, दोरखंड नाही. कंटाळा आला तर ती पंजा काढून घेते आणि पाण्यात जाते, तिला कुणी अडवत नाही. तब्येतीच्या तपासणीसाठी असं रक्त अधूनमधून काढलं जातंच. मला त्याच वेळी फक्त दोन नळ्या जास्त हव्या आहेत.

गाईड म्हणाल्या, "आधी केंद्र सरकारचा परवाना." अर्ज, मग तो राजपत्रात छापणार, मग लोकांना हरकत घ्यायला तीस दिवस, मग निर्णय. वर युनिव्हर्सिटीच्या समितीची मंजुरी वेगळी. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गोठ्यातल्या म्हशीचं रक्त काढायला तू कधी दिल्लीला पत्र लिहिलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

पिंजऱ्यातल्या, माणसाळलेल्या जनावरासाठी हे सगळं का? अस्वलाला समुद्री प्राण्यांचा कायदा कसा लागतो? आणि अर्ज परत येऊ नये म्हणून काय करावं? इथे कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

वनवाटा

श्रावणी, मी वनखात्यातून निवृत्त झालोय. अमेरिकेचं मला फारसं कळत नाही, पण आईला सांग की आपल्याकडेही म्हशीचा आणि वाघाचा कायदा एक नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम १२ प्रमाणे शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देतात, तीही कारणं नोंदवून. अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला प्राणी असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे. एका मुलानं बिबट्याच्या विष्ठेचे नमुने मागितले होते. मी त्याला तीन वेळा परत पाठवलं, कारण कुठल्या जंगलातून आणि किती, हे त्यानं लिहिलंच नव्हतं. तो चिडला होता. चौथ्या वेळी अर्ज नीट आला आणि त्याच आठवड्यात सुटला.

अनघा_सातारकर

श्रावणी, तुझी पोस्ट वाचून अकरा वर्षांपूर्वीची मी आठवले. मी मूळची साताऱ्याची. इथे एका प्रयोगशाळेत नमुन्यांचं काम बघते. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, समुद्री ऊद यांचं रक्त, केस, चरबी यातलं जे काही आमच्या फ्रीझरमध्ये येतं, त्या प्रत्येक नळीचा कागद माझ्याकडून जातो. लांब लिहितेय, वाच.

आधी समुद्राचं. या अस्वलाचं शास्त्रीय नावच उर्सस मॅरिटिमस, म्हणजे समुद्राचं अस्वल. ते जगतं समुद्रावरच्या बर्फावर आणि खातं सील. म्हणून अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात ते देवमाशांच्या पंगतीला बसलंय. हा कायदा २१ ऑक्टोबर १९७२ चा. वनवाटा काका म्हणतात तो आपला कायदा त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला, जेमतेम सहा आठवडे आधीचा. देवमासे, डॉल्फिन, सील हे वाणिज्य खात्याकडे असतात. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, समुद्री ऊद आणि मॅनेटी हे गृहखात्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे. (इथलं गृहखातं म्हणजे पोलीस नव्हे, जमीन-जंगलं सांभाळणारं खातं.) तुझा अर्ज तिथेच जाणार. १५ मे २००८ ला हे अस्वल 'धोक्याच्या छायेतली जात' म्हणून दुसऱ्या, संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यातही नोंदलं गेलं. पण त्याबरोबर एक खास नियम केलाय. सागरी कायद्याखाली रीतसर परवाना असेल, तर त्याच कामासाठी त्या दुसऱ्या कायद्याचा वेगळा परवाना मागत नाहीत. एवढं ओझं कमी समज.

आता तुझा खरा प्रश्न, पिंजऱ्यातल्या जनावराला का. कायद्यात 'टेक' असा शब्द आहे. शिकार, पकडणं, मारणं हे त्यात आलंच, आणि त्रास देणंही आलं. जनावराच्या औषधपाण्यासाठी डॉक्टरनं रक्त काढलं तर ती देखभाल झाली. त्या देखभालीवर कृषी खात्याची नजर असते. तुझ्या दोन नळ्या मात्र अस्वलाच्या तब्येतीसाठी नाहीत, त्या तुझ्या प्रश्नासाठी आहेत. सरकार तिथे विचारतं की हा प्रश्न त्या सुईच्या तोलाचा आहे का. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. आज मी या बाजूनं बोलते, कारण ते जनावर 'नको' म्हणू शकतं ते फक्त पंजा मागे घेऊन. तेवढा पंजा मागे घ्यायची मुभा तुझ्या पद्धतीत लिहिलेली असली पाहिजे.

आणि प्रश्न त्या तोलाचे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोर्टलंडच्या ओरेगन झूमध्ये टॅसुल आणि कॉनराड अशी बहीण-भाऊ अस्वलं होती. २०१६ मध्ये दोघंही वारली. तुझ्या मादीसारखीच ती पंजा देऊन रक्त द्यायची. खाणं बदललं की त्याची खूण रक्तात आणि केसांत किती दिवसांनी उतरते, हे त्यांच्यावरून कळलं. रानातल्या अस्वलाला कोण विचारणार गेल्या महिन्यात काय खाल्लं म्हणून? टॅसुलच्या गळ्यात हालचाल मोजणारा पट्टा घातला होता. ती चालली, पोहली, पाठीवर लोळली, आणि त्या वेळचं चित्रीकरण पट्ट्याच्या आकड्यांशी जुळवून बघितलं. आता नकाशावर बघ, अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फावर कुणीही चित्रीकरण करायला उभं नाही. तिथल्या अस्वलाच्या पट्ट्यातून नुसते आकडे येतात, ते वाचायची अक्षरओळख टॅसुलनं करून दिली. पुढे तिथल्या नऊ माद्यांना कॅमेऱ्याचे पट्टे बांधून अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. आधी धरलं जायचं त्यापेक्षा त्यांचा ऊर्जाखर्च १.६ पट निघाला, आणि आठ-अकरा दिवसांत नवांपैकी पाच जणींचं वजन घटलं होतं. (माद्याच का? नराची मान डोक्यापेक्षा जाड, पट्टा निसटून पडतो.) सॅन दिएगोत अस्वलांना शिकवलं होतं की बारीक आवाज ऐकू आला की ठरलेल्या खुणेला नाक लावायचं. तेलाच्या कामांचा गोंगाट गुहेतल्या मादीला कितपत पोचत असेल, हे ताडायला त्यांच्या कानांचं मोजमाप हवं होतं.

अर्जाचं. कायदा विचारतो की संशोधन 'खरंखुरं' आहे का. म्हणजे निष्कर्ष तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात छापून येण्याजोगे असावेत, किंवा मूळ ज्ञानात भर घालणारे असावेत, किंवा जात वाचवण्याचा एखादा प्रश्न सोडवणारे असावेत. "रक्तातली चरबी बघायची आहे" एवढ्यावर कुणी हो म्हणणार नाही. बर्फ लवकर वितळतोय, अस्वलांचा किनाऱ्यावरचा उपास लांबतोय, त्या उपासात शरीर काय जाळतं हे तुला कळेल, ते लिही. शब्द वाढवू नकोस, दुवा दाखव. परवान्यावर किती प्राणी, कोणते, कुठे, कोणत्या रीतीनं, किती काळ हे सगळं बांधलेलं असतं. रीत 'दयाळू' हवी. कायद्यात त्याचा अर्थ दिलाय, शक्य तितक्या कमी वेदना आणि त्रास. म्हणून सुई कितीची, एका वेळी किती मिलिलिटर, महिन्यात किती वेळा, अस्वल मागे सरलं तर त्या दिवशी पुन्हा प्रयत्न होणार की नाही, हे सगळं त्यात यायला हवं. तुझ्या त्या कीपरला शेजारी बसवून लिही. त्यांना जे माहीत असतं ते गाईडला नसतं.

हे मी शहाणी म्हणून सांगत नाही. माझी चूक सांगते. कॅनडातल्या एका प्राणीसंग्रहालयातून आम्हाला नमुने आणायचे होते. अर्ज मी भरला आणि नमुन्याच्या रकान्यात 'सीरम' (रक्तातला पातळ भाग) एवढंच लिहिलं. वसंतात तिथल्या कीपरबाईंनी अस्वलाचे गळलेले केस तारीखवार पाकिटांत घालून ठेवले. आम्ही मागितले नव्हते, त्यांनी आपणहून केलं होतं, प्रत्येक पाकिटावर सुंदर अक्षरात अस्वलाचं नाव. आमच्या अभ्यासाला ते केस रक्ताहून मोलाचे होते. पण परवान्यात केस नव्हते. गळलेला केस असला तरी तो कायद्यानं अस्वलाचाच भाग. सीमा ओलांडायची तर सागरी कायदा आला आणि साइट्सचा (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा) कागदही आला, कारण हे अस्वल साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. दुरुस्तीचा अर्ज करून केस हातात येईपर्यंत आठ महिने गेले. तेवढ्यात ते अस्वल म्हातारपणानं गेलं. पुढच्या ऋतूचे केस मिळालेच नाहीत. ती पाकिटं अजून माझ्या खणात आहेत. तेव्हा आज लागत नसलं तरी लाळ, केस, विष्ठा, लघवी यातलं जे खरोखर वापरशील ते पहिल्याच अर्जात घाल.

श्रावणी_परळ

अनघाताई, काय बोलू. दोनदा वाचलं. केसांचा विचार मी केलाच नव्हता आणि आमच्या कीपरच्या कपाटात पाकिटं आहेत, मी पाहिली आहेत!

काका, तुम्ही परत पाठवलेला मुलगा आता कुठे असेल कोण जाणे, पण त्याच्या वतीनं मी आभार मानते.

एक विचारू का? तपासणीसाठी काढलेलं रक्त उरतं, ते टाकून देतात. तेच मला दिलं तरी परवाना?

अनघा_सातारकर

उरलेल्या रक्तासाठी अस्वलाला नवी सुई टोचावी लागत नाही, त्यामुळे अर्जातला तो भाग हलका होतो. पण नमुना तुझ्या हातात येणं, दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणं, याचे नियम असतातच. अंदाजावर राहू नकोस. परवाना कार्यालयाला आधीच ई-मेल टाक, कुठलं रक्त, कुणाकडून कुणाकडे, हे चार ओळींत लिहून. उत्तर आलं की छापून फाइलला लाव. आणखी एक, ते अस्वल नेमकं कुणाचं आहे तेही विचार. सगळी प्राणीसंग्रहालयाची नसतात. २०१३ मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले गावाजवळ आईविना सापडलेलं पिल्लू, कली, आधी अँकरेजला, मग बफेलोला आणि २०१५ मध्ये सेंट लुइसला गेलं, पण त्याची मालकी सरकारकडेच. (नाव वाचून आपल्याला कालीमाता आठवते. ते त्या गावाचं इनुपियाक भाषेतलं नाव आहे.)

धनंजय_टोरोंटो

राजपत्रात छापतात म्हणजे कुणीही उठून विरोध करू शकतो? मग तर एखादा हट्टी माणूस पीएचडी अडवेल.

अनघा_सातारकर

कुणीही लिहू शकतं, हो. फेडरल रजिस्टरमध्ये सूचना येते, तीस दिवस मत नोंदवता येतं, सुनावणीही मागता येते. सागरी सस्तन प्राणी आयोग म्हणून एक वेगळी संस्था आहे, तीही अर्ज वाचून मत देते. पण नुसता विरोध आला म्हणून परवाना नाकारत नाहीत, मुद्दा बघतात. आमच्या एका अर्जावर एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं होतं. तिनं विचारलं होतं, पिल्लू अंगावर असलेल्या मादीचं रक्त घेणार का? आम्ही त्याचा उल्लेखच केला नव्हता. घेणार नव्हतोच, पण लिहिलं नव्हतं. परवाना आला तेव्हा ती अट त्यात घातलेली होती, आणि ती तिथे असावी असं मला मनापासून वाटलं.

वनवाटा

हे आवडलं. आमच्याकडे अर्ज माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्यावरच संपायचा. गावातल्या माणसाला, ज्याच्या शेतातून तो बिबट्या जातो त्याला, कुणी विचारत नसे.

श्रावणी_परळ

आज सकाळी कीपरबरोबर बसले. तिनं सांगितलं की मादी सलग तीन दिवस पंजा देत नाही, मध्ये दोन दिवस सोडावे लागतात. मी अर्जात आठवड्याला तीन वेळा लिहिलं होतं. आता एकदाच केलंय. पिल्लाची ओळही घातली, आमच्याकडे पिल्लू नसलं तरी. केस, लाळ, विष्ठा घातली, लघवी वगळली, कारण ती मला खरंच लागणार नाही. युनिव्हर्सिटीच्या समितीची बैठक येत्या गुरुवारी आहे, त्यात एक जनावरांचे डॉक्टर आणि एक पूर्ण बाहेरची व्यक्ती असते असं कळलं. ताई, मसुदा तुम्हाला खासगी निरोपात पाठवू का?

अनघा_सातारकर

पाठव. शनिवारी सकाळी वाचते. आणि त्या कपाटातल्या पाकिटांवर तारखा आहेत का, ते आजच बघून ठेव.