मदत हवी आहे: दादाला फुप्फुसाचा दुर्मिळ कॅन्सर (ईएचई), छातीत रक्तस्राव. टाटात फाईल कुठे काढायची?

नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. दादा ४१ वर्षांचा, विडी-सिगारेट कधी नाही. दिवाळीनंतर उजव्या कुशीत दुखायला लागलं, जिना चढताना धाप लागायची. एक्स-रेत पाणी दिसलं. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी डॉक्टरांनी टीबी धरून गोळ्या सुरू केल्या, त्या दोन महिने चालल्या. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, हे मला कळतं. पण सुईने काढलेलं पाणी लालभडक होतं, आणि टीबीचं बहुतेकदा पिवळसर असतं हे आम्हाला फार उशिरा समजलं.

एका पहाटे तो भिंतीला धरून खालीच बसला. ओठ पांढरे, दरदरून घाम. आयसीयूत छातीत नळी घातली. पलंगाखालच्या बाटलीवर सिस्टर दर तासाला मार्करने रेघ मारायच्या. पहिलीच रेघ ११०० मिलीवर. रात्रभर मी दोन रेघांमधलं अंतर बघत बसले होते. चार बाटल्या रक्त चढवलं, ऑपरेशनची तयारीही झाली होती, पण दुपारी रक्त थांबलं.

नंतर दुर्बिणीने फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. रिपोर्ट आला एपिथेलिऑइड हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा, म्हणजेच ईएचई. सीडी३१ आणि ईआरजी (रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखायच्या खुणा) पॉझिटिव्ह. हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून होणारा कॅन्सर, म्हणजे मुळात सार्कोमा (हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या अशा भागांतून होणारा कॅन्सर). काहींच्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण आवरणातून रक्त येणं हे चांगलं लक्षण नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

माझा घोळ इथेच आहे. गाठ फुप्फुसात, जात सार्कोमाची. परळला टाटात फाईल थोरॅसिकमध्ये (छातीच्या विभागात) काढू की बोन अँड सॉफ्ट टिश्यूमध्ये (सार्कोमाच्या विभागात)? काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड्स (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही हातात आहेत. डब्ल्यूडब्ल्यूटीआर१-सीएएमटीए१ (ईएचईत जोडली जाणारी दोन जनुकं) ही जनुकीय तपासणी कोणी करून घेतली आहे का? सिरोलिमसच्या (गाठीची वाढ रोखण्यासाठीच्या) गोळ्यांचा विषय निघाला आहे. घरात कोणी घेतल्या असतील तर कशा सोसल्या? पाणी पुन्हा साठू नये म्हणून आवरण चिकटवण्याचा उपाय कोणाला लागू पडला का? यकृतातही असू शकतो म्हणून पेट स्कॅन करायचा आहे, तो टाटात दाखवल्यावरच केलेला बरा का?

आणि रात्री पुन्हा तसंच झालं तर? १०८ला फोन करायचा हे ठरलंय, रक्तगट आणि डिस्चार्ज कार्ड दाराशी पिशवीत ठेवलंय. आणखी काय जवळ ठेवू?

आईला अजून टीबीच सांगितलंय. सोमवारी सकाळी निघतोय, त्याआधी कोणी सांगितलंत तर फार उपकार होतील.