शब्दचर्चा : ‘स्वायत्त शस्त्र’ म्हटलं, तर मारणारा कोण?

मालवणहून :

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयात ‘एआय आणि युद्ध’ या विषयावर मी बोललो. ‘ऑटोनॉमस वेपन’साठी वर्तमानपत्रांत येतो तो ‘स्वायत्त शस्त्र’ हाच शब्द मी वापरला. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखांनी, हात वर केला. “स्वायत्त म्हणजे ती कॉलेजा असतत तशी?” मी समजावलं : कॅमेरा बघतो, यंत्र कुणाला टिपायचं ते ठरवतं आणि माणसाला न विचारता मारा सुरू होतो. ते जरा थांबले, मग म्हणाले, “मगे मारल्यान कोणी?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन टिपण उघडलं, तर पानभर हेच : ‘लक्ष्य निवडलं जातं’, ‘हल्ला केला जातो’, ‘निर्णय घेतला जातो’. कर्ता एकाही ओळीत नाही. मराठीत नकळत काही घडलं तरी आपण ‘माझ्या हातून घडलं’ म्हणतो, हात कुणाचा ते सांगतो. यंत्राच्या ‘हातून’ असं लिहायला माझी लेखणी धजत नाही. शिवाय ‘स्वायत्त’ हा मानाचा शब्द. कॉलेजला स्वायत्तता मिळाली की आपण पेढे वाटतो. तोच शब्द माणसं मारणाऱ्या यंत्राला लावावा का? दुसरा सुचत असेल तर सांगा.

चिपळूणहून :

सर, शब्द चुकीचा नाही. ‘आयत्त’ म्हणजे अधीन. स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच अधीन, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि या शस्त्रांबद्दलची भीती नेमकी हीच आहे. जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांविषयीच्या करारांतर्गत २०१७ पासून सरकारी तज्ज्ञांचा गट यावर बसतो आहे. तिथलं मराठीत आणायचं तर एकच ठरलेला शब्द हवा, दर लेखात नवा नको. कानाला खटकतो म्हणून सोडू नये. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेव्हा त्यांचे शब्द पुष्कळांना जड वाटले होते. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज कुणाला जड वाटतात?

देवगडहून :

‘स्वयंचलित’ का नको? सर्वांना कळतो.

मालवणहून :

दादा, स्वयंचलित तर सुरुंगही असतो. समुद्रात पेरलेल्या सुरुंगाला जहाज लागलं की तो फुटतो, मग ते लढाऊ असो की मासेमारीचं. टाकी भरली की बंद होणारा पंपही स्वयंचलितच. दोघांपैकी कुणीही समोरच्याला पारखत नाही. नवी शस्त्रं पारखतात : हा शत्रू, हा नाही. फरक तिथे आहे आणि ‘स्वयंचलित’ म्हटलं की तो बुजतो.

श्रीवर्धनहून :

मग ‘निवडणे’ या क्रियापदाकडे बघा ना. माझी सासू जेट्टीवर मासळी निवडते. पाटीतला ढीग समोर ओतला की हात चालू होतात : बांगडा इकडे, कोळंबी तिकडे, माकूल वेगळं, खेकडा बाजूला. बोलता बोलता काम चालतं. पण मध्येच एखादा मासा ती उचलते, कल्ला उघडून बघते, नाकाशी नेते आणि मग ठरवते, हा विकायचा की नाही. तेवढ्यापुरतं तिचं बोलणं थांबतं. पहिलं काम यंत्राला शिकवता येईल. दुसऱ्याला मी वेगळा शब्द वापरीन.

आमच्याकडचंच सांगते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. शेखाडीला १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलेलं या तालुक्याने पाहिलंय, त्यामुळे सगळ्यांचा श्वास अडकला. चौकशीत कळलं की मस्कतहून युरोपला निघालेल्या त्या नौकेचं इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि रिकामी नौका वाहत इकडे आली. आता उलट बाजू : २६/११ चे हल्लेखोर आले ते पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून. बाहेरून बघणाऱ्याला ती आपलीच. नुसत्या खुणांवर निवड केली असती तर पहिली शत्रूची ठरली असती आणि दुसरी बिनघोर पुढे गेली असती.

मालवणहून :

ताई, तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे आहे : निवाडा. निवडणे आणि निवाडा एकाच घरातले. पण तांदूळ निवडतात आणि भांडणाचा निवाडा करतात. निवाडा करणाऱ्याला नाव असतं, त्याला चार माणसांसमोर जाब द्यावा लागतो. निवड यंत्र करू शकेल, निवाडा नाही.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र घ्या. सोव्हिएत उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला, आधी एक, मग आणखी चार. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला की खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल, आणि वर ‘खोटा इशारा’ असं कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्रणेने क्षेपणास्त्र समजून घेतला होता. यंत्राने निवड केली, निवाडा पेत्रोव यांनी केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमात बायडन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहावा असं मान्य केलं, तेही याच शब्दात मावतं.

चिपळूणहून :

निवाडा पटला. पण मसुद्यात तो कुठे बसवाल? जिनिव्हाच्या चर्चेत ‘मीनिंगफुल ह्यूमन कंट्रोल’ असं येतं. त्याचं ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’ केलेलं मी वाचलंय.

मालवणहून :

‘अर्थपूर्ण’ अजिबात नको. अर्थपूर्ण कविता असते. आणि ‘अर्थपूर्ण व्यवहार’ म्हटलं की मराठी माणसाला टेबलाखालचे पैसेच दिसतात. इथे सांगायचंय ते एवढंच की माणसाचं नियंत्रण नावापुरतं नसावं. मी ‘खरंखुरं’ लिहीन. कायद्याच्या भाषेत ‘प्रत्यक्ष’ चालेल.

हा हट्ट मी का धरतोय तेही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवरचा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चार देश होते, त्यांत भारत. हा विषय जिनिव्हातच चालावा अशी आपली भूमिका. ती योग्य की अयोग्य यावर आमच्या गावात मला कुणी बोलताना ऐकू आलं नाही, आणि बोलणार तरी कोणत्या शब्दांत? मला ते मत पटलेलं नाही, पण पटलेला माणूसही माझ्याशी मराठीतच भांडायला हवा.

तर ‘स्वायत्त शस्त्र’ मी ठेवतोय, चिपळूणच्या सरांचं ऐकून. पण त्याच्या पहिल्या उल्लेखाशी हे वाक्य जोडतोय : ‘माणसाच्या निवाड्यावाचून माणूस मारणारं शस्त्र. ते पाठवणाऱ्याने मारलं, असंच म्हणावं.’ टिपणातले सगळे ‘केला जातो’ आज खोडले आणि प्रत्येक जागी कर्ता घातला. दोन वाक्यांत तो सापडला नाही, ती काढून टाकली. येत्या रविवारी तांडेलांना वाचून दाखवणार आहे.