कर्ज चालू असताना प्लॉट घ्यावा का? सिन्नर रोडला 11 लाखाचा सांगतायत

पाथर्डीफाटा_31

नमस्कार मंडळी. वय 31, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीत आहे, हातात 48 हजार येतात. बायको घरीच ब्लाऊज शिवते, तिचे महिन्याला पाच-सहा हजार होतात पण ते भिशीत जातात. पाथर्डी फाट्याला साडेनऊ हजार भाड्याने राहतो, मुलगी चार वर्षांची आहे.

कर्जाचं खरं खरं सांगतो. क्रेडिट कार्डवर 1 लाख 35 हजार आहेत, आईच्या ऑपरेशनच्या वेळचे, तेव्हापासून दर महिन्याला 7 हजार भरतोय तरी आकडा हलत नाही. पर्सनल लोन 3 लाख 20 हजार बाकी, 14 टक्क्याने, हप्ता 10,950, अजून 3 वर्षं. गाडीचा हप्ता 3,200, अजून 11 महिने. आणि दाजींकडून 1 लाख हातउसने घेतलेत, व्याज नाही, पण दोन वर्षं झाली.

आता कंपनीत पगारवाढीचा करार झाला त्याचा फरक 90 हजार मिळालाय आणि बायकोची भिशी 1 लाखाची लागलीये, शेवटचा नंबर होता त्यामुळे पुढे काही भरायचं नाही. एक ओळखीचा एजंट मागे लागलाय, सिन्नरच्या बाजूला 2 गुंठे, 11 लाख. म्हणतो रविवारी 2 लाख टोकन द्या, 5 लाखाचं लोन मी करून देतो, राहिलेले चार लाख 18 महिन्यात फेडा. समृद्धी महामार्ग झाला, 2027 चा कुंभ आलाय, आत्ता नाही घेतलं तर परत हा भाव नाही. मलाही वाटतं आयुष्यभर हप्तेच भरायचे का, एकदा तरी आपल्या नावावर काहीतरी व्हावं. काय करू?

बँकेत_15_वर्षं

दादा, कार्डाचा आकडा का हलत नाही ते आधी बघा. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, 1,35,000 वर ते झालं 4,725, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 850. साडेपाच हजार व्याजातच गेले, तुमच्या 7 हजारातले जेमतेम चौदाशे मुद्दलात जातात. आणि बाकी शिल्लक ठेवली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, किराणा स्वाईप केला तरी त्या दिवसापासून मीटर चालू. वर्षाला 40 टक्क्यांच्या वर जाणारं कर्ज घरात ठेवून तेवढं वाढणारी जमीन शोधणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं आहे.

दुसरं, उद्या खरोखर होमलोनला गेलात तर बँक काय बघेल? साधारण हिशोब असा की सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यात बसायला हवेत, म्हणजे तुमचे 24 हजार. त्यातून पर्सनल लोनचे 10,950, गाडीचे 3,200 आणि कार्डाच्या बाकीवर 5 टक्के धरले तर 6,750 गेले, उरले तीन हजार शंभर. त्यात काय घर येणार. पण कार्ड आणि गाडी संपवली की तेच 13 हजार होतात आणि साडेआठ टक्के, 20 वर्षं धरलं तर पंधरा लाखापर्यंत लोन बसतं, पर्सनल लोनही गेलं की सत्तावीस लाखाच्या पुढे. पगार एक रुपया वाढलेला नाही, फक्त ओझं उतरलं.

म्हणून माझं मत, 1 लाख 90 हजारातले 1,35,000 सरळ कार्डावर. गाडीचं बत्तीस-तेहतीस हजार राहिलं असेल, फोरक्लोजर (मुदतीआधी कर्ज बंद करायचा) चार्ज विचारून तेही मिटवा. महिन्याला दहा हजार मोकळे होतात, ते दुसऱ्याच दिवशी आरडीला (दर महिन्याच्या ठेवीला) लावा, नाहीतर घरखर्चात कुठे जातील कळणार नाही. आणि एजंट जे "लोन करून देतो" म्हणतोय ते पर्सनल लोन आहे, प्लॉटचं लोन नाही, प्लॉटच्या लोनला बँक आधी कागद मागते. तो बँकेचा रस्ता का टाळतोय हे त्याला विचारा.

सातपूरचे_काका

बाळा मी तुझ्या जागी होतो म्हणून लिहितोय. 2013 साली, तेव्हाही 2015 चा कुंभ येणार म्हणून असंच चाललं होतं. रविवारी गाडी यायची घ्यायला, सगळ्या फॅमिली बसवून न्यायचे, रानात फक्कीने पांढऱ्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याला दगड, दगडावर लाल रंगाने नंबर, मंडपात वडापाव आणि चहा. माझा नंबर 17. बायको त्या दगडाशेजारी उभी राहून फोटो काढत होती, तो फोटो अजून आहे घरात.

दीड गुंठा घेतला. नंतर कळलं जमीन शेतीचीच आहे, एनए (बिगरशेती) झालेलं नाही, ले-आउट मंजूर नाही. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा असा छोटा तुकडा सरळ वेगळा नावावर होत नव्हता म्हणून बारा जणांची नावं सामाईक चढवलेली, सातबाऱ्यावर माझं नाव आहे पण माझा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच नाही. पहिल्या पावसात फक्कीच्या रेघा वाहून गेल्या, दुसऱ्या वर्षी मूळ मालकाच्या पोरांनी सोयाबीन पेरलं. आता विकायचं म्हटलं तर बारा जणांच्या सह्या पाहिजेत, त्यातले दोन वारले, त्यांच्या वारसांच्या नोंदी नाहीत. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला होता, ते कर्ज 2019 ला फिटलं.

तू टोकन द्यायच्या आधी त्याच्याकडून गट नंबर घे. महाभूमीवर 15 रुपयात डिजिटल सहीचा सातबारा निघतो. वर भोगवटादार वर्ग 1 आहे का 2 ते बघ, वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का बघ, आणि फेरफार (मालकी कशी बदलली त्याच्या नोंदी) काढ. मग एनए झाल्याचा कागद आणि मंजूर ले-आउटचा नकाशा माग. प्लॉटिंग 500 चौरस मीटरच्या वर आणि प्लॉटही आठच्या वर असतील तर महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर लागतो, तो साईटवर टाकून स्वतः बघ. शेतजमीनच असेल तर ती घ्यायला तू स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. हे सगळं "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला की तिथूनच परत फिर बाबा.

इंदिरानगर_नितीन

काकांचं कागदाचं सगळं शंभर टक्के बरोबर, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सगळं कर्ज शून्य होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर माणूस पंचेचाळीसचा होतो. मी 2019 ला 1 बीएचके घेतला तेव्हा माझ्यावर गोल्ड लोन होतं, तरी घेतला, कारण भाडं भरून हातात काही राहत नव्हतं आणि हप्ता असला की माणूस झक मारत बचत करतो. आज तो फ्लॅट भाड्याने आहे आणि आम्ही आईवडिलांकडे राहतो. पण हेही सांगतो, भाडं साडेआठ हजार येतं, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी जाते, मधे भाडेकरू बदलला की महिना दीड महिना रिकामा, रंग काढावा लागतो. भाड्यात हप्ता निघतो असं जे सांगतात त्यांनी एकदा तीस लाखाच्या घराचा हिशोब कागदावर मांडून दाखवावा, सहा टक्के स्टॅम्प ड्युटी 1 लाख 80 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, वरून दहा-वीस टक्के आपले, म्हणजे लोन मंजूर झालं तरी पाच ते आठ लाख रोख लागतात. घर बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट मिळते, वहिनींच्या नावाने बघा.

म्हणजे कार्ड संपवा हे बरोबर, पर्सनल लोन चालू राहिलं तरी चालेल, पण ते पाच-आठ लाख आपल्याच बचतीतून उभे करा. मार्जिनसाठी, म्हणजे ह्या आपल्या वाट्याच्या रोख रकमेसाठी, पर्सनल लोन काढलेले दोन मित्र मी जवळून बघितलेत, दोघांनीही दोन वर्षात घर विकलं.

आणि नदीजवळ, नाल्याजवळ स्वस्तात मिळतंय म्हणून कुठे घेऊ नका, निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या. 2008 आणि 2019 ला गोदेचं पाणी कुठपर्यंत आलं ते जुन्या लोकांना विचारलं तरी कळतं.

मीनल_नाशिकरोड

दादा एक विचारू का? भिशीचे 1 लाख वहिनींचे आहेत ना? वीस महिने ब्लाऊज शिवून भरलेत त्यांनी. प्लॉट घ्यायचा का कार्ड भरायचं हे त्यांना विचारलंय का तुम्ही? पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही म्हणून विचारतेय, राग मानू नका.

आणि दाजींचे पैसे. इथे सगळे व्याजाचा हिशोब करतायत म्हणून ते शेवटी ढकलले जातील, पण तुमच्या बहिणीला तिथे रोज राहायचंय. तुम्ही दोन लाखाचं टोकन दिलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं तर तिला काय ऐकावं लागेल? सगळे नाही पण थोडे तरी आत्ता द्या, आणि बाकीचे कधी देणार ते स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको.

पाथर्डीफाटा_31

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गेलो नाही. एजंटकडून गट नंबर घेतला, आधी टाळत होता, "बुकिंग झाल्यावर देतो" म्हणाला. सातबारा काढला काका, चौदा नावं आहेत आणि इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे. एनएचं विचारलं तर तुम्ही लिहिलेलं वाक्यच म्हणाला. तेव्हा पोटात धस्स झालं.

मीनलताई, खरंय, विचारलं नव्हतं. काल रात्री मुलगी झोपल्यावर बायकोला सगळे आकडे एका वहीत लिहून दाखवले, कार्डावर एवढे आहेत हे तिला माहीतच नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी ताईंच्या घरचे 20 हजार देऊन या, मग कार्ड. आज दुपारी दाजींकडे जाऊन आलो, बाकीचे 80 हजार महिन्याला 4 हजार करून 20 महिन्यात देतो म्हणून सांगून आलो. कार्डाचे 1,35,000 संध्याकाळी भरले. 35 हजार राहिलेत, त्यातून गाडी आत्ता मिटवू का ते अडीअडचणीला ठेवू?

बँकेत_15_वर्षं

फार बरं वाटलं वाचून. गाडी राहू द्या, 11 महिन्यात ती आपोआप संपेल, 35 हजार वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे पुन्हा दवाखाना आला तर कार्डाकडे हात जाणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, स्टेटमेंट आलं त्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला लागून येईल, दचकू नका आणि सोडूही नका, तेवढे भरा. बाकी शून्य दिसली की मगच कार्ड बंद करायचा अर्ज द्या आणि नो ड्यूजचं पत्र लेखी घ्या. दोन-तीन महिन्यांनी सिबिल काढून तिथे "क्लोज्ड" लागलंय का बघा. "सेटल्ड" लागलं असेल तर लगेच तक्रार करा, तुम्ही पूर्ण पैसे भरलेत, सेटलमेंट केलेली नाही.