तवे (रेकॉर्ड) घरी ठेवून लॅपटॉपवर यायचं हाय, पण गाणं उलटं वाजून रायलं

बिछायतवाला_दारव्हा
राम राम भाऊ लोकं. आमचं दारव्ह्याजवळ खेड्यात बिछायत केंद्र हाय, मंडप, खुर्च्या, भांडे आन साऊंड. मामा पुण्यात हॉटेलात गाणे लावायचा, त्यानं काम सोडलं तेव्हा त्याचे दोन टेक्निक्स १२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवाचं यंत्र), मिक्सर आन दोन पेट्या रेकॉर्ड मले देल्ल्या, चार वर्षं झाले हात बसवून रायलो. पण लग्नात त्या इंग्रजी रेकॉर्ड कोण आयकते, पब्लिकले जे गाणे पायजे ते तव्यावर येतच नाई. मनून टाइमकोडवाल्या (तव्यावरून लॅपटॉपातलं गाणं चालवाच्या) दोन रेकॉर्ड घेतल्या, एक सेकंडहँड साऊंड कार्ड घेतलं, लॅपटॉपात डीजेचं सॉफ्टवेअर मिक्स टाकलं, ते शेवटी तीन एक्स असलेलं फुकटवालं. आता डावा डेक झकास चालते, उजव्यावर तवा सुलटा फिरते आन गाणं उलटं वाजते, बाबा म्हणे भूत शिरलं याच्यात, इकून टाक. वरून दोन्हीत घूंऽऽ असा आवाज. काय चुकून रायलं? आन बाबाच्या ७८ च्या (मिनिटाले ७८ चकरा मारणाऱ्या) जुन्या रेकॉर्ड हायेत भोंग्याच्या जमान्यातल्या, त्याही लॅपटॉपात घ्याच्या हायेत.

वऱ्हाडी_बेस
भूत नाई बे, पिना उलट्या लागल्या. उजव्या डेकची लाल पांढऱ्याच्या जागी आन पांढरी लालच्या जागी लाव. टाइमकोडच्या तव्यात गाणं नसते, एक सलग शिट्टी असते, सेराटो कंपनीच्या रेकॉर्डवर १००० हर्ट्झची. डाव्या आन उजव्या चॅनलमधी ती शिट्टी पाव लाटेनं मागंपुढं ठेवली असते, कोणतं चॅनल पुढं हाय ते पाहून सॉफ्टवेअर ठरवते तवा सुलटा चालला का उलटा, तुया पिना बदलल्या तर त्याले उलटाच वाटन ना. हातानं तवा हळू केला की शिट्टी ५०० वर येते, गाणं अर्ध्या वेगानं चालते. सुई कुठं ठेवली तेही त्या शिट्टीतच लपवून लिहिलं असते. मंजे सुई आता गाणं वाचतच नाई, तुया हात वाचते.
घूं साठी अर्थची बारीक वायर पाय, टर्नटेबलच्या मांगून निंगते, टोकाले चिमट्यासारखी पट्टी असते, ते मिक्सरच्या अर्थ स्क्रूले कस. मग सेटिंगमधी व्हायनल कंट्रोलचा (तव्याच्या सिग्नलचा) हिरवा गोल दिसते का सांग.

बिछायतवाला_दारव्हा
पिना बदलल्या, भूत पळालं!! बाबा काही बोलले नाई, फक्त पाहून रायले होते. वायर तर लोंबतच होती, कसली, घूं बराच कमी झाला. पण गोल म्हणता, माया तर भरताचं वांगं दिसते.

वऱ्हाडी_बेस
वांगं मंजे एक चॅनल कमजोर. साऊंड कार्डचं इनपुट फोनोवर (सुईच्या बारीक सिग्नलसाठी) हाय का लाइनवर (मोठ्या सिग्नलसाठी)? सुईतून चार-पाच मिलिव्होल्ट येते फक्त, लाइनवर ठेवलं तर त्याले काही आयकूच येत नाई. फोनोवर असूनही वांगंच असन तर कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) चार बारीक वायरी पाय, एखादी ढिली असते, आन सुई साफ कर, मांगून पुढं, आडवी नाई.

झाडीपट्टी_साऊंड
मी वडश्याकडला जी, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली का नाटकाच्या मंडपातच रात्र जाते. घरी बसून मस्त वाटते पण मंडपात बेसच्या पेट्या टेबलाजवळ ठेवल्या तर सुई थरथरते, गाण्याचा सूरच हलते. खाली मोटरसायकलचे टूब अर्धे फुगवून ठेवा, वर कडप्प्याची फरशी, त्याच्यावर टर्नटेबल, फरक लगेच समजते. आन सॉफ्टवेअरात रिलेटिव्ह मोड ठेवा. मी एका वरातीत गाडीवर ॲबसोल्यूटवर (सुई जिथं तिथलं गाणं) ठेवलं होतं, पोरं गाडीले धरून नाचाले लागले, सुई उडाली का गाणंही तिकडं उडते, एकदम शेवटच्या कडव्यात, नवरदेवाचा मामा गाडीवर चढून आला. रिलेटिव्हमधी सुई उडली तरी गाणं आपल्या जागी चालते. खरं सांगू तर वरातीत टर्नटेबल नेऊच नोका, कंट्रोलर (बिनासुईचा, लॅपटॉपले जोडाचा डीजे पाट) न्या.
जनरेटरची चिंता करू नका, एमके२ च्या मोटरचा वेग क्वार्ट्झवर (घड्याळात असते त्या स्फटिकावर) बांधला असते. जुने एसी मोटरवाले प्लेअर जनरेटरच्या हर्ट्झवर पळायचे, लोड आला का गायिका गायक व्हायची.

लाखेचा_तवा
मी गोंदियाचा, बाबांच्या ७८ विषयी बोलतो, घाई करू नका. आधी एक सांगा, त्या स्पिरिटने पुसल्या तर नाहीत ना? ७८ च्या बहुतेक तव्यांत लाख असते, आपल्या पळसावर येते तीच, सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो तसा तुमचा तवा विरघळेल. साध्या पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ कापड, मधल्या कागदाला पाणी लावू नका.
आणि टाइमकोडच्या सुईने वाजवू नका. त्या सुईचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ च्या खाचेला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, म्हणजे साधारण ७६ मायक्रॉन. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर देते. एमके२ वर ७८ चा वेग नाही, ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा, मग ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरात चेंज स्पीडमध्ये ४५ वरून ७८ निवडा, गाणं बरोबर सुरात येतं. रेकॉर्ड होताना बाई पेंगल्यासारखी गाते, घाबरू नका.

बिछायतवाला_दारव्हा
काका, स्पिरिटनं नाई पुसल्या, बाबानं घासलेटानं पुसल्या होत्या दोन, मले आत्ता सांगून रायले. पायतो काय झालं ते.
बेस भाऊ, कार्ड लाइनवरच होतं, फोनोवर केलं, गोल झाला. टूब गॅरेजवाल्याकून आणतो, परवा हळद हाय. ३ मिलची सुई नागपुरात सीताबर्डीले भेटन का कोणाले माहीत हाय?