एसीमुळे चढणारा तबला

स्टुडिओत बँडचं गाणं रेकॉर्ड करताना 'सगळ्यांनी एकत्रच वाजवावं, एकेक वाद्याचा ट्रॅक वेगळा घेतला की गाण्यातला जीव जातो' असं म्हणतात, ते पटतंच. पण बँडमध्ये तबला असेल तर तो ड्रम्सच्या खोलीत बसवू नका. क्रॅशचा (ड्रम्सवरच्या मोठ्या झांजेचा) आवाज तबल्याच्या माइकमध्ये इतका शिरतो की मिक्सिंगला तबला वर घेतला की तोही वर येतो. तबला काचेपलीकडच्या बूथमध्ये, बेस गिटार डीआय बॉक्समधून (म्हणजे माइकशिवाय, थेट वायरने), गिटारचा अँप वेगळ्या खोलीत. हेडफोनवर सगळे एकमेकांना ऐकतात, काचेतून नजरानजर होते, एवढ्यावर जीव शाबूत राहतो.

एसीबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. पावसाळ्यात बाहेरून आणलेला तबला सर्दावलेला असतो. बूथच्या कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) आवळते आणि स्वर हळूहळू चढतो. गिटार ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावलेली, तबला तिच्या वर, आणि हे लक्षात येईपर्यंत तीन-चार टेक झालेले असतात. तबला तासभर आधी बूथमध्ये खोळ काढून ठेवा, दर टेकआधी चाटेचा (पुडीच्या कडेच्या पट्टीचा) सा ट्यूनरवर तपासा आणि एसी मध्येच बंद करू नका. एडिटिंगला दोन टेकचे तुकडे जोडताना हा सा किंचित जरी सरकलेला असला, तरी जोड लगेच कानाला टोचतो.