पान सापडलं नाही: तुमचे फोर-ओ-फोरचे अनुभव लिहा

मालवणहून, धागा सुरू करताना

किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या आणि बागायतदारांच्या वेबसाइट बनवणं हा माझा रोजचा धंदा. फोर-ओ-फोर म्हणजे ४०४, मागितलेलं पान नसलं की सर्व्हर ब्राउझरला पाठवतो तो आकडा. गेल्या मे महिन्यात तारकर्लीच्या एका काकूंचा फोन आला, "अरे, पुण्याच्या पाहुण्यांनी फोटो पाठवलाय. वर पिवळा पट्टा नि खाली सगळं इंग्रजी. आपली साइट कोणी हॅक केली काय?"

हॅक कोणी केली नव्हती. एक खोली आम्ही बंद केली होती आणि तिची जुनी लिंक पाहुण्यांकडे राहिली होती. साइट जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या साधनावर, चालते. सर्व्हरवर त्याचं डीबग, म्हणजे चुका सविस्तर दाखवणारी सोय, मी चालू ठेवलं होतं, त्यामुळे न सापडलेल्या पत्त्याखाली साइटचे सगळे मार्ग ओळीने छापून आले. त्यात अ‍ॅडमिनचाही होता. ते बघून पोटात गोळा आला. त्याच रात्री डीबग बंद केलं आणि अलाउड होस्ट्समध्ये, म्हणजे साइट कुठल्या नावांवर चालायची त्या यादीत, डोमेन भरलं. मग जुनी लिंक उघडली, तर पांढऱ्या पानावर "नॉट फाउंड" आणि खाली एक ओळ, तीही इंग्रजीत. काकूंच्या पाहुण्याने त्यातून काय समजायचं?

टेम्प्लेटांच्या, म्हणजे पानांच्या साच्यांच्या, मुख्य फोल्डरात ४०४ नावाची एचटीएमएल फाइल ठेवली, की डीबग बंद असताना जँगो तीच दाखवतो. मी तिच्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हे पान आता नाही. चालू खोल्या इथे बघा, नाहीतर काकूंना फोन करा." खाली नंबर, दाबला की थेट लागणारा. फोटो एकही नाही. किनाऱ्यावर रेंजची एक काडी असते, तिच्यावर उघडलं पाहिजे.

तुमच्याकडे काय झालं, कसं निस्तरलंत, सविस्तर लिहा. प्रोग्रामर नसलात तरी लिहा.

देवगडहून

मी बागायतदार, कोड मला कळत नाही. पुतण्याने साइट करून दिली. जूनमध्ये आंबा संपला की तो हापूसचं पान काढून टाकायचा, मार्चमध्ये नवीन करायचा. नवीन पानाचा पत्ता दरवर्षी वेगळा. माझी गिऱ्हाइकं जुनी, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक जपून ठेवणारी. हंगाम सुरू झाला की त्यातली काही ती लिंक दाबायची आणि पान नाही म्हटल्यावर गप्प बसायची. मला वाटायचं, यंदा यांना आंबा नको असेल. शेवटी ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "रे, तुझा पान खंय गेला? बाग इकलंस काय?" बाग विकली का, असं विचारावं लागलं त्याला! ते मनाला फार लागलं.

आता पान बारा महिने एकाच पत्त्यावर असतं. जूननंतर त्यावर "हंगाम संपला, पाच डझनाच्या पेटीसाठी नाव नोंदवून ठेवा" असं येतं.

रत्नागिरीहून

देवगडच्या काकांचा पुतण्या आता करतोय ते बरोबर. माल संपला म्हणजे पान नाहीसं झालं, असं नव्हे. जे खरंच कायमचं गेलं त्याला ४१० हा वेगळा आकडा आहे. ४०४ मात्र एवढंच सांगतो, की आत्ता इथे काही मिळालं नाही. तात्पुरतं की कायमचं, ते तो बोलत नाही.

माझी चूक फ्लास्कमधली, तेही पायथनचंच साधन. एररहँडलर, म्हणजे चूक झाली की चालणारं फंक्शन, लिहिला, सुंदर मराठी पान केलं, पण फंक्शनमधून टेम्प्लेट परत देताना शेवटी स्वल्पविराम देऊन ४०४ लिहायचं राहिलं. पडद्यावर "पान सापडलं नाही" आणि सर्व्हर सांगतोय २००, म्हणजे सगळं ठीक! गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये "सॉफ्ट ४०४" अशी पानं साठत गेली, तेव्हा शोधायला बसले. माणसाला एक आणि यंत्राला दुसरंच सांगायचं, हे मला अजिबात पटत नाही. तेव्हापासून पान नुसतं डोळ्यांनी बघून सोडत नाही, कर्ल या कमांडने हेडर, म्हणजे सर्व्हरने कुठला आकडा पाठवला, ते तपासते.

दापोलीहून

हर्णै बंदरातल्या लिलावाचे भाव तारखेनुसार दाखवणारी छोटी साइट मी मित्रासाठी एक्सप्रेसमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अशाच साधनात, केली. एक्सप्रेस ४०४ ला एरर धरत नाही, कुठलाच राउट, म्हणजे पत्त्याचा मार्ग, जुळला नाही एवढंच. म्हणून चार आर्ग्युमेंटांचा एररहँडलर तिथे चालत नाही. साधं मिडलवेअर, म्हणजे मधे चालणारं फंक्शन, सगळ्या राउटांच्या शेवटी लावायचं. मी नवीन राउट त्याच्याही खाली लिहिला आणि तासभर तो सापडेना.

अडलो ते दुसरीकडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या काळातली तारीख कोणी उघडली तर काय दाखवायचं? शेवटी २०० देऊन "बंदीचा काळ, लिलाव नाही" लिहिलं. ३२ तारखेला मात्र ४०४.

अलिबागहून

थोडक्यात लिहितो. लारावेलमध्ये, म्हणजे पीएचपीच्या अशाच साधनात, फाइंड-ऑर-फेल वापरलं की रेकॉर्ड नसल्यावर ४०४ आपोआप जातो. पण मी बुकिंग सगळ्या टेबलात शोधत होतो, त्यामुळे पत्त्यातला आकडा एकाने बदलला की दुसऱ्याचं नाव, फोन दिसायचं. आता लॉगिन केलेल्याच्या स्वतःच्या बुकिंगांतच शोधतो. दुसऱ्याचं मागितलं तर ४०३, म्हणजे "परवानगी नाही", सुद्धा देत नाही, ४०४च देतो. तसं बुकिंग आहे, हेही परक्याला कळायचं कारण नाही.

कुडाळहून

मला पत्ते मराठीत हवे होते, हट्टच होता. जँगोचा स्लग कन्व्हर्टर, म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव ओळखणारा भाग, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, जोडरेघ आणि अंडरस्कोअर घेतो, म्हणून प्रत्येक देवनागरी पत्ता ४०४. तिथे स्ट्रिंगचा कन्व्हर्टर लावला, नावावरून पत्ता बनवणाऱ्या स्लगिफायला युनिकोडची, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची, परवानगी दिली. तरी जत्रेत वाटलेल्या पत्रकावरचा पत्ता चालेना. डेटाबेस उघडला तर "देवगड-हापूस"चं झालं होतं "दवगड-हपस" आणि "तारकर्ली"चं "तरकरल". काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकूर जुळवायच्या नियमाला, अक्षरं वाटतच नाहीत, म्हणून स्लगिफाय ती चाळून टाकतो. आपल्या गावांची नावं तशी बघून खूप वाईट वाटलं. स्लगचं फंक्शन स्वतः लिहिलं, जोडचिन्हं राखणारं.

मालवणहून

कुडाळच्या ताई, मोडक्या नावांच्या लिंका तोवर बाहेर गेल्या असतील ना? त्यांचं काय केलंत?

कुडाळहून

गेल्या होत्या, दादा. जुना पत्ता आणि नवा पत्ता असं टेबल केलं. पहिला महिना ३०२, म्हणजे तात्पुरतं वळवणं, ठेवलं, कारण ३०१, म्हणजे कायमचं वळवणं, चुकीचं गेलं तर ते गिऱ्हाइकाच्या ब्राउझरात बसून राहतं. सगळ्या जोड्या तपासल्या, मग ३०१ केलं. काल लॉगमध्ये "दवगड-हपस" परत दिसलं. कोणीतरी जुनी लिंक दाबली होती आणि पुढच्याच ओळीत हापूसचं पान उघडलं होतं.